छत्तीसपैकी तेहतीस

शहराशी मुलाची पत्रिका जुळवायची पद्धत आपल्याकडे फार झपाट्यानं रुजली, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. ज्या लोकांनी लग्नापासून फ्रीज आणण्यापर्यंत सगळे दिवस पंचांग बघून ठरवले, त्यांना ही चाचणी परकी वाटायचं कारण काय? परदेशातल्या प्रयोगशाळा हा निकाल शंभरपैकी द्यायच्या. नागपूरच्या प्रयोगशाळेनं पहिल्या वर्षी तसाच दिला, तेव्हा तिकडे कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या वर्षी कोणा हुशार माणसानं तोच निकाल छत्तीस गुणांत मांडला आणि दारात रांग लागली.

चंद्रपूरचे वैरागडे त्या रांगेत उभे राहिले ते २०४४च्या फेब्रुवारीत. निनाद वैरागडे वीजवहन कंपनीत अभियंता होता. चंद्रपुरात उन्हाळ्याचे तीन महिने पारा पन्नाशीला टेकायला लागल्यापासून कंपनीनं तिथलं कार्यालय गुंडाळायचं ठरवलं होतं. कर्मचाऱ्यांपुढे तीन गावं ठेवली होती. पुणे, नाशिक आणि वेंगुर्ला, जिथे समुद्राच्या लाटांवर वीज करायचं नवं केंद्र उभं राहिलं होतं. महिनाभरात निवडायचं, आणि एकदा निवडलं की सात वर्षं बदल नाही. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल त्यांना आधी चाचणी सक्तीची.

निनादच्या घरात जुई होती. साडेचार वर्षांची, आणि वजन तीन वर्षांच्या पोरीचं. तिला जेवायला बसवणं हा घरातला रोजचा तमाशा होता. दोन घास पोटात जायला तास लागायचा आणि गेलेले अंगी लागायचे नाहीत. दर पंधरा दिवसांनी छाती भरायची. तिची आई शलाका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायची. पंचांग-पत्रिका यांच्या वाऱ्यालाही ती उभी राहत नसे. पण या चाचणीवर तिचा विश्वास होता, कारण हे शास्त्र होतं. म्हणूनच निकालाच्या दिवशी तिला पळून जावंसं वाटलं.

“पुणे एकवीस,” डॉक्टर अलोणी कागद बघत म्हणाल्या. “नाशिक पंचवीस. आणि वेंगुर्ला... बाप्पा! तेहतीस. इतके गुण मी वर्षभरात दोनदा पाहिलेत.”

“आणि चंद्रपूर?” निनादनं विचारलं.

“चौदा. म्हणून तर ती जेवत नाही ना.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात वस्तीच नसते. पहिल्या हजार दिवसांत तिथे अब्जावधी जिवाणू येऊन राहतात. कोणते यायचे ते गावचं पाणी, माती, हवा ठरवते, पण सगळ्यात आधी ठरवतं ते दूध. कारण दुधातून जिवाणूही येतात आणि त्या जिवाणूंचं खाणंही. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी या पहिल्या बिऱ्हाडकरूंकडे बघून घरचं कोण आणि परकं कोण ते शिकतात, आणि तो धडा पुढे कशानं पुसला जात नाही. प्रयोगशाळेकडे साडेतीनशे शहरांचे नकाशे होते. नळाचं पाणी, रस्त्यावरची धूळ, फुलांचे परागकण, भाजीवरचे जिवाणू. मुलाचा ठसा त्या नकाशावर ठेवायचा आणि किती बसतो ते मोजायचं. जिथे बसतो तिथे मूल खातं, खाल्लेलं अंगी लागतं, छाती मोकळी राहते.

“जुई सातव्या महिन्यात झाली,” डॉक्टर पुढे म्हणाल्या. “पहिले सात आठवडे पेटीत होती, म्हणजे हवा गाळलेली, पाणी नाहीच. तेव्हा जो काही ठसा उमटला तो एकट्या दुधानं, आणि असा निर्भेळ ठसा मग चंद्रपूरच्या पाण्या-मातीनंही पुसत नाही. तुमच्या अर्जात आहे, की आईखेरीज कोणाचं दूध दिलेलं नाही. म्हणजे हे वेंगुर्लं आईकडून आलंय. तुम्ही मूळच्या कोकणातल्या का?”

“नाही. वणीची आहे मी,” शलाका म्हणाली.

“मग गरोदरपणी तिकडे राहिलात? तिकडचं खाणं?”

“नाही.”

डॉक्टरांनी खांदे उडवले. निनादनं मात्र मान वळवून बायकोकडे पाहिलं, आणि ती नजर तिच्यावर जरा जास्तच वेळ राहिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी, म्हणजे लताबाईंनी, कागद हातात घेऊन आकडे मोजले. “नाशिक पंचवीस! अठराच्या वर हाय ना, मंग झालं की. आमचे तं साडेअठराच जुळले होते. बेचाळीस वर्षं झाली.”

“आई, ही लग्नाची पत्रिका नाही,” निनाद म्हणाला. पण डॉक्टरांनी जाताना बजावलेलं, की अठ्ठावीसच्या खालचं गाव म्हणजे पोरीच्या जन्माची औषधं, ते त्यानं आईला सांगितलं नाही.

“आन् हे वेंगुर्लं कायचं आलं व मधातच?”

“यंत्राची काही चूक असेल,” शलाका म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

निनाद तिच्या मागोमाग आत आला आणि दार लोटून ओट्याला टेकून उभा राहिला. “तो तुमच्या कॉलेजातला परुळेकर. कुठचा होता तो?”

शलाकाला क्षणभर परुळेकर कोण तेच आठवेना. मग आठवलं. भौतिकशास्त्राचे परुळेकर सर. “वेंगुर्ल्याचा,” ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं की हा कुठे चाललाय.

“जुईच्या वेळी तू त्याचा डबा खायचीस.”

“स्टाफरूममधले सगळेच खायचो.”

“बाकीच्यांच्या पोरी नाही ना जुळल्या तेहतीस गुणांनी!”

“निनाद, काय बोलून राहिलाय तू?”

“मी काहीच नाही बोलून राहिलो. यंत्र बोलून राहिलं.”

एक वाक्य, फक्त एक वाक्य पुरलं असतं. शलाका ते बोलली नाही. नवऱ्याच्या डोळ्यांत परुळेकरांचं नाव काट्यासारखं रुतलेलं तिला दिसत होतं, आणि तरी तिनं कणीक मळायला घेतली. या बाईला म्हणावं तरी काय, असं कोणालाही वाटेल. पण तिची बाजू ऐकायला हवी.

साडेचार वर्षांपूर्वी, नागपूरच्या इस्पितळात, शलाकाला दूध आलंच नाही. ताप होता, पोर पेटीत होती, हात लावायला मिळत नव्हता. लताबाई रोज चंद्रपूरहून अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरीचा काढा घेऊन यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, “आलं का व?” दहाव्या दिवशी शलाका म्हणाली, “आलं.” काही आलं नव्हतं. इस्पितळाची दूधपेढी होती. एका बाळाला एकाच बाईचं दूध, आणि तेही न उकळता, नव्या गाळणीतून रोगजंतू काढून आणि चांगले जिवाणू जिवंत ठेवून. परिचारिका ते दूध साध्या बाटलीत आणून शलाकाच्या उशाशी ठेवायची आणि शलाका ती बाटली स्वतःच काढल्यासारखी पुढे द्यायची. बाटलीवर नाव नव्हतं, एक क्रमांक होता. एकशे सतरा. लताबाईंनी सगळ्या गोतावळ्यात सांगितलं, की माह्या खिरीनं दूध आलं. बारशाला आलेल्या बायकांनी कृती लिहून घेतली. निनादनं इस्पितळात कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या केल्या होत्या, एकही न वाचता.

घरी आल्यावर जुई पावडरीच्या दुधावर वाढली, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. दूध आटलं, असं अनेकींचं होतं. पण ते सात आठवडे शलाकाच्या मनात बसून राहिले. जुई आजारी पडली की तिला वाटायचं, ही मला ओळखत नाही. ही दुसऱ्या कोणाला तरी शोधते आहे. गणित शिकवणाऱ्या बाईनं असं मनात आणू नये हे तिला कळत होतं. आता यंत्रानं तेच छापून हातात दिलं होतं. छत्तीसपैकी तेहतीस! तिनं नाळ दिली, रक्त दिलं, साडेचार वर्षं उशाशी बसून काढली, आणि पोरीच्या अंगात गाव उमटलं होतं ते एकशे सतरा नंबरचं. शलाकाला त्या बाईचा असा हेवा वाटला की कणकेचा गोळा तिनं परातीत आपटला. निनादनं परुळेकरांवरून जळावं तर खुशाल जळावं. त्या संशयात निदान जुई पूर्ण तिची होती.

त्यामुळे पुढच्या आठवड्यात त्या घरात एक विलक्षण एकी झाली. नवरा म्हणाला, नाशिक. बायको म्हणाली, नाशिक. सासूबाई म्हणाल्या, अठराच्या वर आहे. नवरा परुळेकरांच्या गावापासून लांब पळत होता आणि बायको एकशे सतरा नंबरच्या. शाळा चांगल्या आहेत, द्राक्षं मिळतात, गोदावरी आहे, अशी कारणं दोघं एकमेकांना इतक्या आनंदानं सांगत होती की बाहेरच्याला वाटावं, काय गोड जोडपं आहे. जुई ताटातला भात बोटानं इकडून तिकडे करत बसली होती.

अडवलं ते कंपनीच्या नियमानं. सर्वांत जास्त गुण मिळालेलं गाव नाकारायचं असेल तर तिथे मुलासह आठ दिवस राहून यायचं, आणि मग दोघांनी अंगठे लावायचे. नियम करणाऱ्यानं बहुधा बरीच लग्नं जवळून पाहिली असावीत.

वेंगुर्ल्यात रेडकर काकींच्या घरी त्यांनी खोली घेतली. काकी साठीच्या, आवाज खणखणीत, आणि पाहुण्यानं ताटात काही टाकलं तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. पहिल्या सकाळी त्यांनी जुईपुढे उकड्या तांदळाची पेज ठेवली, वर खोबऱ्याचा तुकडा. शलाका सवयीनं सरसावून बसली; गोष्ट सांगायची, चमचा विमान करायचा, रडणं सोसायचं.

जुईनं वाटी उचलली आणि पिऊन टाकली.

“आणखी,” ती म्हणाली.

निनादच्या हातातला कप तसाच राहिला. साडेचार वर्षांत हा शब्द त्यांनी तिच्या तोंडून खाऊचं दुकान सोडून कुठे ऐकला नव्हता. काकींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. “घे गो बाय माझ्या, व्हयी तितकी घे,” म्हणत त्यांनी वाटी भरली. दुपारी भात आणि सोलकढी. रात्री पुन्हा पेज. तिसऱ्या दिवशी तर पोरगी नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायली आणि म्हणाली, “आई, इथलं पाणी गोड आहे.” शलाकानं तेच पाणी पिऊन पाहिलं. तिला ते पाण्यासारखंच लागलं.

तिला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण आनंदाच्या शेजारीच ती जळत होती. काकींच्या हातची पेज ती घटाघटा पिते आणि माझ्या हातचं वरण चार वर्षं थुंकते! शेवटी दोष हाताचा नव्हताच, हे तिला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं.

बाजारात तर तिची फार विचित्र अवस्था झाली. जी बाई दिसेल ती एकशे सतरा. मासे घेऊन बसलेली कोळीण, स्कूटरवरून जाणारी शिक्षिका, औषधाच्या दुकानातली चष्मेवाली. पस्तिशीच्या आसपासची प्रत्येक बाई शलाका डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची आणि जुईला स्वतःच्या जवळ ओढायची. दूध देणारी बाई याच गावात असेल असंही नव्हतं, ती फक्त मूळची इथली असणार होती. तरीही शलाकाला सबंध गावातल्या बायकांचा एकदम हेवा वाटत होता. शेजारून चालणारा निनाद तेवढ्याच बारकाईनं पुरुष बघत होता. एकमेकांशी न बोलता दोघांनी अशी अर्धी बाजारपेठ तपासली.

सहाव्या दिवशी बाजारात, नोकरी सोडून गावी परतलेले परुळेकर भेटले. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, हातात भाजीची पिशवी आणि मागे बायको.

“अरे, वैरागडे मॅडम! चंद्रपूरची माणसं आमच्या गावात!” त्यांना खरोखरच आनंद झाला होता. त्यांनी निनादचा हात दोन्ही हातांत धरला, घरी जेवायला यायचं आमंत्रण दिलं, मग वाकून जुईचा गाल ओढला. “आणि ही तर काय अगदी आमच्याकडचीच दिसते हो!”

निनादनं हात सोडवून घेतला. “आम्हाला उशीर होतोय,” एवढं बोलून तो चालायला लागला. परुळेकर बिचारे पिशवी सावरत बघत राहिले.

काकींच्या अंगणात आल्या आल्या त्यानं फोन काढला. पडद्यावर नाशिकचा अर्ज उघडाच होता. “लाव अंगठा. आत्ताच लावून ठेव, आठव्या दिवशी अर्ज जाईल.” त्यानं स्वतःचा लावलेला होता.

शलाकानं अंगठा उचललाही. अंगणाच्या कडेला जुई काकींच्या शेजारी पाटावर बसली होती आणि दुसऱ्यांदा भात मागून घेत होती. सहा दिवसांत एकदाही खोकली नव्हती. तिच्या मनगटावर, जिथे हाडच दिसायचं, तिथे शलाकाला उगाच थोडं मांस धरल्यासारखं वाटलं. सहा दिवसांत कुठलं मांस! पण तसं वाटलं, आणि मग तिच्यानं तो अंगठा काही लाववेना.

“ते दूध माझं नव्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“जुईचं. पेटीतलं. मला थेंबभरही आलं नाही, निनाद. दूधपेढीचं होतं ते. मी अर्जात खोटं लिहिलं, आईंना खोटं सांगितलं, तुलाही. परुळेकरांचा काही संबंध नाही. कुठल्यातरी इथल्या बाईचं दूध आहे ते.”

निनाद तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळत गेला आणि तो हसायला लागला. “दूध? नुसतं दूध? अगं, एवढंच होतं तर सांगायचं ना मला! मी इकडे पंधरा दिवस...”

“नुसतं?” शलाका म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की काकींनी वळून पाहिलं. “तुला नुसतं वाटतंय! तुझं संपलं ना आता? तो माणूस सुटला तुझ्या डोक्यातून, तू मोकळा झालास. माझी पोर तिच्यावर वाढली, कळतंय का? तिच्या गावात आल्यावर जेवायला लागली. मी कोण मग?”

निनादचं हसू मावळलं. तो म्हणाला, “मी उगाच काहीबाही बोललो तुला. चुकलं माझं. परुळेकरांकडे जेवायलाही जाऊ आपण.” मग त्यानं नाशिकचा अर्ज पुसला आणि वेंगुर्ल्याचा उघडला. “भरू?”

“त्या बाईला बघितल्याशिवाय मी अंगठा लावणार नाही.”

नाव मिळायला वेळ लागला नाही. मूल चार वर्षांचं झाल्यावर, देणारीची संमती असेल तर दूधपेढी नाव देत असे. शलाकानं विचारणा पाठवली आणि सातव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. दर्शना तुळसकर. तेव्हा मुक्काम नागपूर, नवऱ्याच्या नोकरीनिमित्त. आता वेंगुर्ला, काजूची रोपवाटिका. पत्ता काकींच्या घरापासून दोन किलोमीटरवर होता. शलाका एकटीच गेली. जाताना तिनं चांगली साडी नेसली आणि ती कशासाठी ते स्वतःलाही सांगितलं नाही.

तिनं मनात जी बाई रंगवली होती ती भरल्या अंगाची, शांत चेहऱ्याची, देवघरातल्या तसबिरीतली. रोपवाटिकेत भेटलेली बाई काटकुळी होती. हाताला माती, कपाळावर घाम, आणि पाण्याच्या पंपाशी भांडण चाललेलं.

शलाकानं कोण ते सांगितल्यावर दर्शनानं हात पदराला पुसले आणि पुसतच राहिली. “बसा हो,” ती म्हणाली. “चाय घेतास?”

“नको. मला एकच विचारायचं होतं. तुम्ही का दिलंत?”

“का म्हणजे? जास्ती येय होता. ब्लाउज भिजायचे, दिवसातून चार-चार. ओतून टाकूक जिवार येय होता. नर्स म्हणाली, पेढीक द्या. दिलंय.” ती ओशाळून हसली. “त्यात मोठा असा काय नाय केलंय मी.”

शलाकाला वाटलं, हिनं काहीतरी उदात्त सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ज्याच्यासाठी आपण अळिवाच्या खिरी ढोसल्या, छातीवर गरम फडकी ठेवून रडलो, ते हिला ओतून टाकायचं होतं. इतकं होतं हिच्याकडे! हेव्यानं तिचे डोळे भरून आले आणि ते दिसू नये म्हणून ती रोपांकडे बघू लागली.

“आणि तुमचं मूल?” तिनं विचारलं. “त्याला तर छत्तीस असतील.”

दर्शनानं मान हलवली. “वेदांगाक सोळा.”

“सोळा?”

“तिसऱ्या म्हयन्यात मी कामार गेलंय. नागपुरात पाळणाघर होता, ठोंबरेबाईंचा. दूध आटला माझा, मगे तीच भरवी. तिच्या विहिरीचा पाणी, तिची भाकरी, तिचा वरण. इकडे आणलंय तर माझो झील जेवणा नाय. माशाक तोंड लावणा नाय. डॉक्टर म्हणतत, नागपुराक नेवा.” तिनं पंपाच्या नळीला एक लाथ घातली. “माका त्या बाईचो इतको राग येता म्हणून सांगू! चांगली होती हो. देवमाणूस. तरी येता.”

शलाकाला त्या क्षणी बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं. तिनं ते लपवायचा प्रयत्न केला आणि तो फारसा साधला नाही.

निघताना दर्शनानं जुईबद्दल विचारलं, “तुमचा चेडू कसा आसा? माका एकदा बघूक मिळात?”

“नाही,” शलाका म्हणाली. शब्द विचाराआधी बाहेर पडला होता.

दर्शनानं मान डोलावली. तिला राग आला नाही. “बरोबर आसा. ठोंबरेबाईन दोन वर्सां मागल्यान वेदांगाचो एक फोटो. मी नाय धाडूक.”

शलाका चालत परत आली. रिक्षा मिळत होत्या, तिनं केल्या नाहीत. एका फोटोनं ठोंबरेबाईंचं काय झालं असतं, असं तिला वाटलं. त्या खूश झाल्या असत्या, एवढंच. दर्शनाचं काय गेलं असतं? काही नाही. आणि तरीही दर्शनानं तो पाठवला नव्हता, आणि शलाकाला ते इतकं पक्कं समजत होतं की वाटेत एकदा ती स्वतःशीच हसली. मग तिला त्या न पाहिलेल्या ठोंबरेबाईंची फार दया आली, दोन वर्षं फोनकडे बघत बसलेल्या.

आठव्या दिवशी सकाळी तिघं रोपवाटिकेत गेली. अर्जाची मुदत दुपारी बारापर्यंत होती. निनादनं रिक्षात दोनदा घड्याळ पाहिलं.

दर्शना पंपाशीच होती. त्यांना बघून ती उभी राहिली, पुढे मात्र आली नाही. जुईकडे तिनं पाहिलं आणि तिचे दोन्ही हात आपोआप थोडे पुढे झाले. मग तिनंच ते मागे घेतले आणि पदरात गुंडाळले.

जुईनं त्या मातीनं भरलेल्या अनोळखी बाईला एकदा पाहिलं आणि गर्रकन वळून शलाकाच्या साडीत तोंड खुपसलं. दोन्ही मुठींनी निऱ्या घट्ट धरल्या. “आई, घरी चल,” ती आतून म्हणाली.

शलाकाला जो आनंद झाला त्यात चांगुलपणा औषधालाही नव्हता. बघ, तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, सगळ्या प्रयोगशाळेला, एकशे सतरा नंबरला, आख्ख्या वेंगुर्ल्याला. बघा, ती कोणाला धरते ते बघा! ती तशीच उभी राहिली. पोरीच्या मुठी सुटू नयेत म्हणून तिनं श्वाससुद्धा बेतानं घेतला. पंपाचं पाणी वाफ्यात पडत होतं. निनादनं तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

तो आनंद तिनं पोटभर घेतला. मग खाली वाकून तिनं एकेक मूठ सोडवली.

“जा,” ती जुईच्या कानाशी म्हणाली. “मावशी आहे तुझी.”

जुई दोन पावलं गेली, थांबली, वळून बघितलं. शलाकानं मान हलवली. पोरगी आणखी दोन पावलं गेली. दर्शना मातीतच खाली बसली होती.

शलाकानं निनादपुढे हात केला. “दे तो फोन.”

त्यानं वेंगुर्ल्याचा अर्ज उघडून फोन धरला. तिनं अंगठा लावला, पण नजर मात्र जुईवरून एक क्षणही हलवली नाही.